गिधाडाला रेंज होती

कुंडलिकची म्हैस मेली सोमवारी सकाळी, आणि तिच्या मरणाची चौकशी करायला सरकारी जीप आली मंगळवारी दुपारी. तीही म्हशीसाठी नव्हे.

मोगरी शनिवारी आजारी पडली. वैरणीला तोंड लावीना, पुढचा पाय टेकवेना, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. त्यात ती गाभण. मढ गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत असलेल्या कातळवाडीला मोबाईलची रेंज नाही. फोन करायचा तर देवीचं टेकाड चढायचं, माथ्यावरच्या दगडावर उभं राहायचं आणि तोंड माळशेजकडं करून ओरडायचं. कुंडलिक त्या दिवशी पुन्हा पुन्हा टेकाड चढला. पहिल्यांदा गुरांचे डॉक्टर म्हणाले, "येतो." दुसऱ्यांदा म्हणाले, "लोकेशन पाठवा." तिसऱ्यांदा म्हणाले, "अहो, तुमची वाडी नकाशावर दिसतच नाही. कुठं येऊ?"

"मढात या डॉक्टर, तिथनं मी घ्यायला येतो."

"उद्या बघू," डॉक्टर म्हणाले. उद्या रविवार होता.

रविवारी जानकू पुढं सरसावला. जानकू हा ठकूबाईचा भाऊ, म्हणजे कुंडलिकचा मेहुणा. त्यानं तरुणपणी गुरांच्या एका डॉक्टरची बॅग उचलली होती. पुढं डॉक्टरची बदली झाली, पण बॅगेतली विद्या आपल्याकडंच राहिली, अशी जानकूची ठाम समजूत होती. त्यानं मोगरीच्या पायावरून हात फिरवला, तिच्या तोंडाचा वास घेतला आणि म्हणाला, "दाजी, दुखणं हाय. दुखण्यावर दुखण्याचं इंजेक्शन. माज्याकडं हायेत बाटल्या, मेडिकलातनं आणलेल्या."

"माणसाच्या का जनावराच्या?"

"माणसाच्या. पण दाजी, माणसासारख्या नाजूक जिवाला चालतं ते म्हशीला का चालनार नाय?"

जानकूनं वजनाचा अंदाज घेऊन सगळ्या बाटल्या म्हशीत रिकाम्या केल्या. मोगरी संध्याकाळी जरा शांत झाली, आणि सकाळी पुरती शांत झाली.

ठकूबाई दावणीला टेकून रडली. कुंडलिक रडला नाही. त्यानं म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडलं, गुंडाळलं आणि नेहमीच्या खुंटीला लावलं. मग पुरायची कुठं, हा प्रश्न आला. वाडीचं नावच कातळवाडी. मांडवाचा खांब रोवायचा तर पहार वाकते. जेसीबी यायला रस्ता नाही. शेवटी चार घरच्या गड्यांनी मिळून मोगरीला वाडीखालच्या उघड्या कातळावर ओढत नेऊन ठेवलं. कुंडलिक लहान असताना मेलेलं जनावर असंच ठेवायचे. तेव्हा कुठून कुठून गिधाडं उतरायची आणि दिवस मावळायच्या आत नुसती हाडं उरायची. मग गिधाडं हळूहळू दिसेनाशी झाली. का झाली, हे वाडीला कोणी सांगितलं नव्हतं आणि वाडीनं कोणाला विचारलं नव्हतं. आता फक्त कुत्री यायची.

पण मंगळवारी सकाळी एक गिधाड आलं.

कातळाशेजारच्या वठलेल्या सावरीवर ते येऊन बसलं तेव्हा फांदी कुरकुरली. लांब उघडी मान, अंगावर मळकट शाल पांघरल्यासारखे पंख, एका पंखावर पिवळा बिल्ला, त्यावर नंबर, आणि पाठीवर काळी डबी. डबीतून बारीक तार वर आलेली.

"दाजी, हे ड्रोन हाय," जानकू कुजबुजला.

तेवढ्यात ड्रोन हगलं, म्हणून जानकूनं आपलं मत मागं घेतलं.

दुपारी वाडीखाली जीपचा आवाज आला. कुंडलिक ओरडला, "ठके, डॉक्टर आले वाटतं!"

"आता?" ठकूबाई आतून म्हणाली. "आता काय दहाव्याला जेवाय आले का?"

डॉक्टर नव्हते. वनरक्षक भरत होता, आणि त्याच्याबरोबर पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतल्या प्रतिभा मॅडम. खालची पायवाट चढून मॅडमना धाप लागली होती, पण चेहरा उजळलेला होता. "काका, तुमच्या कातळावर आमचा पक्षी थांबलाय. कालपासून त्याचा ठिपका याच डोंगरावर घुटमळत होता, आज इथं थांबला, म्हणून आलो."

"कुनी सांगितलं तुमाला?"

"त्यानंच. पाठीवरचं यंत्र थेट उपग्रहाला कळवतं. तो कुठं बसला, किती उंच उडाला, पाणी कुठं प्यायला, सगळं पुण्यात बसून दिसतं." त्यांनी हातातला पडदा पुढं केला. हिरव्या डोंगरांवरून लाल रेघ नागमोडी येत होती आणि शेवटी एका ठिपक्याशी थांबत होती. ठिपक्याला लागून एक तपकिरी चौकोन होता. कुंडलिकनं डोळे बारीक केले. ती त्याच्या घराची कौलं होती. शेजारी गोठा. गोठ्याबाहेर एक काळा ठिपका.

"ही आमची मोगरी का काय?"

"असेल. चित्र जुनं आहे."

कुंडलिक बराच वेळ त्या काळ्या ठिपक्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आन डॉक्टर तं म्हनले, वाडी नकाशावर न्हाई."

"आली की आता," भरत म्हणाला. "गिधाडाला रेंज हाय काका."

मॅडम कातळाच्या कडेला दगडावर बसल्या आणि त्यांनी नीट समजावून सांगितलं. हे गिधाड पिंजऱ्यात जन्मलेलं. अशी काही पिलं वाढवून जंगलात सोडली होती. काही विजेच्या तारांना चिकटून मेली, काही भूक लागली की पिंजऱ्याकडंच परत येत होती. एवढ्या सगळ्यांत हा एकच पक्षी स्वतःचं स्वतः अन्न शोधत इथवर आला होता. तो कुठं कुठं उतरतो, कुठं टाळतो, हे कळलं तर या डोंगरांत गिधाडं पुन्हा जगतील का, हे कळणार होतं. "एका पक्ष्याच्या वाटेवरून अख्ख्या डोंगराची तब्येत समजते, काका."

कुंडलिकला हे वाक्य आवडलं. डोंगराची तब्येत विचारणारं माणूस त्याला आजवर भेटलं नव्हतं.

"फक्त एक सांगा," मॅडम पुढं वाकल्या. "म्हशीला मरायच्या आधी काही इंजेक्शन दिलं होतं का? दुखण्याचं वगैरे?"

मॅडमच्या पाठीमागं उभ्या असलेल्या जानकूनं दोन्ही हात जोडले, कान धरले आणि मान अशी हलवली की डोक्यावरची टोपी पडली. भरतच्या खांद्यावर सरकारी पट्टी होती. मेहुण्याला जीपमध्ये बसवून नेल्याचं चित्र कुंडलिकच्या डोळ्यांपुढून सरकलं. त्यानंतर घरात ठकूबाई काय करील, तेही सरकलं.

"डॉक्टर आलेच न्हाईत, मॅडम," तो म्हणाला. "इंजेक्शन कोन देनार?"

यातला शब्द न् शब्द खरा होता. मॅडमनी छातीवर हात ठेवला. "फार बरं झालं!"

डॉक्टर आले नाहीत म्हणून आनंद झालेली बाई कुंडलिक पहिल्यांदाच बघत होता.

मग नियम झाले. म्हैस हलवायची नाही, पुरायची नाही, जाळायची नाही. कुत्र्यांना हाकलायचं, पण आरडाओरडा करायचा नाही. भरतनं कातळाभोवती दोरी बांधली, झाडाला कॅमेरा बांधला आणि कुंडलिकच्याच हातात काठी देऊन त्याला कुंडलिकच्याच म्हशीची राखण करायला बसवलं. मॅडमचा मुक्काम वाडीच्या बंद पडलेल्या शाळेत पडला.

"मॅडम, येक अडचण हाय," कुंडलिक म्हणाला. "बेस्तरवारी पोरीला बघायला पावणं यायचेत. आंबेगाव तालुक्यातनं. ह्यो वास..."

"दोनच दिवस, काका. त्यानं एकदा खाल्लं की झालं."

बुधवारी सकाळी त्यानं खाल्लं. सावरीवरून उतरलं, म्हाताऱ्या सावकारासारखं दुडक्या चालीनं मोगरीपाशी गेलं, आणि पोटाच्या बाजूनं सुरुवात केली. मॅडम दुर्बिणीला डोळे लावून बसल्या होत्या. दुर्बीण खाली आली तेव्हा डोळे भरलेले होते. टेकाडावर जाऊन त्यांनी पुण्याला आपल्या सरांना कळवलं, आणि सरांनी ते जगाला कळवलं. कुंडलिकला मोगरीकडं बघवेना. पण त्याला असंही वाटलं की, चला, कोणाच्या तरी पोटाला लागली.

त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं आरती आली. कुंडलिकची ही एकुलती एक लेक जुन्नरला औषधाच्या दुकानात कामाला होती. औषधांचा कोर्स करून लागली होती. वाडीत पाय ठेवताच तिनं पदराऐवजी ओढणी नाकाला लावली आणि सगळी हकिगत ऐकून घेतली. मामाकडं वळून तिनं विचारलं, "मामा, कोणतं इंजेक्शन दिलं?"

जानकूनं आढेवेढे घेत नाव सांगितलं. जरा चुकीचं सांगितलं, पण आरतीला कळलं.

"आबा," ती खाली बसली. "ते जनावराला द्यायला बंदी आहे. आमच्या दुकानात पाटी लावलीय. ते दिलेलं जनावर खाल्लं की गिधाडाच्या मूत्रपिंडाची वाट लागते. दोन दिवसांत मरतं. सगळी गिधाडं त्यानंच तर गेली."

"सगळी?"

"सगळी."

कुंडलिक उठला. ठकूबाई म्हणाली, "आवो, जानकूला धरून नेतील."

"नेऊ दे," कुंडलिक म्हणाला. पण वाटेत त्याला असंही वाटलं, की न नेलं तर बरं.

शाळेच्या ओट्यावर मॅडम आणि भरत चहा पीत होते. कुंडलिकनं टोपी काढली. "मॅडम, चूक झाली. म्हशीला इंजेक्शन दिलेलं व्हतं. दुखण्याचं. पोरगी म्हनती, गिधाड मरंल."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. पण भरत हसला.

"काका, काल तं म्हनला डॉक्टरच आले न्हाईत. आन उद्या पावणं यायचे म्हनल्यावर आज इंजेक्शन निघालं व्हय? म्हैस उचलायची हाय तर तसं बोला की."

"देवाशपथ सांगतो. मेव्हण्यानं दिलं. बोलवा त्याला."

जानकूला बोलावलं. जानकूनं भरतच्या खांद्यावरची पट्टी पाहिली, बंद शाळेच्या खिडकीचे गज पाहिले आणि म्हणाला, "मी? मॅडम, मला तं सुई दिसली तरी भवळ येती. दाजींचं डोकं ठिकाणावर न्हाई. म्हैस गाभण व्हती ना."

"जानकू!"

"आराम करा दाजी."

"बाटल्या कुठं हायेत?"

"कसल्या बाटल्या?"

बाटल्या दरीत गेल्या होत्या. मॅडमनी एकदा कुंडलिककडं पाहिलं, एकदा जानकूकडं. पुण्याला अभिनंदनाचे निरोप सुरू झाले होते. तीन वर्षं त्या या एका घासाची वाट बघत होत्या. दोन माणसं दोन गोष्टी सांगत होती, आणि त्यांतली एक गोष्ट त्यांना हवी होती. "काका, मी नमुना घेऊन ठेवते. तपासणीचा निकाल यायला महिना लागेल," त्या हळूच म्हणाल्या. "पण तुम्ही काळजी करू नका. उद्या पाहुण्यांना मी स्वतः सांगेन, हा केवढा मान आहे तुमच्या घराचा."

म्हणजे खोटं बोललो तेव्हा छातीवर हात ठेवला, आणि खरं बोललो तर आराम करा. कुंडलिक टोपी हातात घेऊन घरी आला.

गुरुवारी सकाळी गिधाड सावरीवर नव्हतं. ते कुंडलिकच्या घराच्या आढ्यावर येऊन बसलं होतं. मान खाली लोंबलेली, पंख सैल सुटलेले. मधूनमधून मान उचलायचं आणि पुन्हा टाकायचं.

"पोट भरलंय, सुस्तावलंय," मॅडम म्हणाल्या. आरतीनं त्यांच्याकडं बघितलं. मॅडमनी तिच्याकडं बघितलं नाही.

ठकूबाईनं दारात ऊद जाळला, उंबऱ्यावर हळद-कुंकू वाहिलं. घरावर गिधाड बसणं म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. कुंडलिकनं केरसुणी उचलली आणि कौलांकडं रोखली. भरत धावत आला. "काका, हात लावू नका! लई मोठा गुन्हा हाय तो. वाघाला दगड मारल्यासारखं."

"माज्या घरावर बसलंय!"

"घर तुमचं हाय, त्याला कोन नाय म्हनतंय? पण पक्षी कायद्याचा हाय."

पाहुणे आले ते नेमके याच वेळी. मुलाचे वडील सोमाजी, त्यांची आई साळुबाई, आणि मुलगा सार्थक, जो मंचरला गाड्यांच्या शोरूममध्ये होता आणि बूट घालून डोंगर चढल्यामुळं लंगडत होता. पहिल्यांदा त्यांना वास आला. साळुबाई पदर नाकाला लावून थांबली. मग तिची नजर वर गेली.

"सोमा," ती म्हणाली. "ते आढ्यावर काय हाय?"

तेवढ्यात मॅडम पुढं आल्या आणि म्हणाल्या, "आजी, हा फार दुर्मीळ पक्षी आहे. अख्ख्या जिल्ह्यात यानं हेच घर निवडलंय."

याहून वाईट वाक्य त्या घटकेला मराठीत शोधून सापडलं नसतं. "निवडलंय," साळुबाई पुटपुटली. "ऐकलंस सोमा? घर निवडलंय त्यानं."

"मावशे, म्हैस मेली आमची, तिच्या वासानं..." कुंडलिक हात जोडून पुढं झाला.

"म्हैस कवा मेली?"

"सोमवारी."

"आन अजून उघडी? पुरली न्हाई? पावणं यायचे म्हाईत असताना?"

"पुरू देईनात!"

"कोन पुरू देईना?"

"ते," कुंडलिकनं आढ्याकडं बोट केलं, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं.

सोमाजी बोलायला भला माणूस होता. तो कुंडलिकला बाजूला घेऊन म्हणाला, "पावणं, पोरीत खोट न्हाई. तुमच्यात बी न्हाई. पण घर तुमचं, कौलं तुमची, आन त्यावरचं गिधाड तुमाला उठवता येत न्हाई, मंग आमी सोयरीक कुनाशी करायची?"

सार्थकनं जाता जाता आढ्याचा फोटो तेवढा काढला. दरवाजात आरती पोह्यांची ताटली घेऊन उभी होती. पाहुणे वळणावर दिसेनासे झाल्यावर ती पायरीवर बसली आणि पोहे स्वतःच खायला लागली.

"आरते, आगं..." ठकूबाई म्हणाली.

"गार होत्यात," आरती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी कौलांवर खडखड झाली. गिधाड आढ्यावरून घरंगळत आलं आणि अंगणात, उखळाशेजारी पडलं. एकदा पंख उघडला. मग मिटला नाही. मॅडम अनवाणीच शाळेतून धावत आल्या. गुडघ्यांवर बसून त्यांनी पक्ष्याची मान उचलली, सोडली, पुन्हा उचलली. मग मागं न वळता म्हणाल्या, "भरत, वर जा. डॉक्टरांना लोकेशन पाठव."

दुपारचं ऊन व्हायच्या आत गुरांचे डॉक्टर आले. हातमोजे, बर्फाची पेटी, दोन मदतनीस. पायवाट चढून घामाघूम झाले होते बिचारे. कुंडलिकनं त्यांना पाण्याचा तांब्या दिला.

"रस्ता सापडला का डॉक्टर?"

"मॅडमनी लोकेशन पाठवलं ना," डॉक्टर पाणी पिऊन म्हणाले. "सोपा आहे की."

अंगणातच त्यांनी पक्षी उघडला. आतड्यांवर, काळजावर, सगळीकडं खडूची भुकटी उडवल्यासारखा पांढरा थर होता. डॉक्टरांना दुसरं काही तपासायची गरज पडली नाही. "वेदनाशामक," ते म्हणाले. "कोणी दिलं म्हशीला?"

मॅडमनी मान वर केली आणि कुंडलिककडं पाहिलं. त्यानं जे सांगायचं ते सांगून झालं होतं. जानकू पहाटेच सासुरवाडीला गेला होता. मॅडमनी मान खाली घातली, आणि मग त्या रडायला लागल्या. सुरुवातीला आवाज न करता, मग करून. डॉक्टर हातमोजे काढत दुसरीकडं बघायला लागले. ठकूबाई घरातून आली, त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"नका रडू, बाय," ती म्हणाली. "आमची बी गेली."

जबाब द्यायला कुंडलिकला जुन्नरला नेणं भाग होतं. जीपमध्ये भरत चालवायला, शेजारी कुंडलिक, मागं मॅडम, आणि मॅडमच्या मांडीवर बर्फाची पेटी. पेटीत पक्षी, आणि पक्ष्याच्या पाठीवर ती काळी डबी. ती सोडवायला हत्यार पुण्यातच होतं. जीप मढ सोडून हमरस्त्याला लागली आणि धरणाच्या कडेकडेनं भरधाव निघाली. आरती निघताना म्हणाली होती, "आबा, खरं तेच सांगा." तो त्याचीच तयारी करत होता. वाक्यं जुळत होती, पण जानकूच्या नावापाशी आली की अडखळत होती.

ओतूरच्या अलीकडं भरतनं गाडी थांबवली. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. तो टपरीवर वडापाव खायला उतरला. तेवढ्यात मॅडमच्या फोनला रेंज आली आणि फोन थरथरायला लागला, तो थांबेचना. शेवटी वाजलाच. सरांचा आवाज इतका मोठा होता की कुंडलिकला पुढच्या सीटवर सगळं ऐकू आलं.

"प्रतिभा! अगं, काय पक्षी आहे! धरणाच्या काठाकाठानं आलाय, साठच्या वेगानं! उंची कमी आहे, पण काय स्थिर उड्डाण आहे!"

"सर..."

"आम्ही सगळे पडद्यासमोर उभे आहोत. पाण्याची दिशा बरोबर धरलीन बघ. आणि आता उतरलाय! ओतूरच्या अलीकडं. नक्की काहीतरी खातोय. बघ जरा काय खातोय ते!"

मॅडमनी खिडकीतून पाहिलं. भरत मिरची चावत होता.

"सर, ऐका ना..."

"बातमी दिली आपण. चॅनेलवर सुरू आहे. मंत्रीसाहेबांनी स्वतः अभिनंदन केलंय, खाली त्या घराचा फोटोसुद्धा आहे, कौलावर बसलेला, कुठल्या मुलानं टाकलाय कोण जाणे, अप्रतिम..."

"सर, पक्षी माझ्या मांडीवर आहे," मॅडम म्हणाल्या. "पेटीत."

मग सरांचा आवाज आला, पण आता बारीक. "कोणाकोणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच पहिलं."

"मग सोमवारपर्यंत कोणाला सांगू नकोस. आणि प्रतिभा, त्या डबीवर काहीतरी गुंडाळ. म्हणजे ठिपका हायवेवर दिसणार नाही."

फोन बंद झाला. मॅडम पेटीवर हात ठेवून बसून राहिल्या. मग त्यांनी गळ्यातला रुमाल काढला, हातात धरला, आणि तसाच धरून बसल्या.

आता कुंडलिकचा फोन वाजला. सोमाजी होता, आणि मागं टीव्हीचा आवाज.

"पावणं! आवो, तुमचं घर टीव्हीवर! आमच्या सार्थकचाच फोटो हाय. मंत्री बोलत्यात! आई म्हनती, आपलंच चुकलं. जटायूच्या कुळातला पक्षी त्यो. आसा पक्षी ज्याच्या घरावर इसावा घेतो त्याचं कल्याण व्हतं, आसं म्हनती आता."

"आसं म्हनत्यात का?"

"लई मनाला लागलंय तिच्या. रविवारी येतो आमी परत. चालंल ना? म्हैस तेवढी पुरून घ्या."

"चालंल की."

"आन पावणं," सोमाजीनं आवाज उतरवला, "त्यो पक्षी गेला ना पन? आईनं पक्कं इचारायला सांगितलंय. गेला ना?"

कुंडलिकनं मागं वळून पाहिलं. मॅडम त्याच्याकडंच बघत होत्या. पेटीच्या कोपऱ्यातून वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यांच्या गुडघ्यावर ठिबकत होतं.

"गेला," कुंडलिक म्हणाला.

"लांब?"

"लई लांब. आता न्हाई यायचा."

"वा! मंग झालं तं," सोमाजी म्हणाला. "रविवारी पोहेच ठेवा, जास्तीचं काय करू नका."

भरत हात पुसत आला, गाडी सुरू झाली. बरंच अंतर गेल्यावर मॅडमनी विचारलं, "काय म्हणाले पाहुणे?"

"रविवारी येत्यात."

"छान," मॅडम म्हणाल्या, आणि हातातला रुमाल त्यांनी पेटीच्या झाकणाखाली सारून त्या डबीवर नीट दाबून बसवला.